वीटभट्टीची माती खणायच्या आधी बाटलीत बघा

आपल्या नाशिककडं काळी माती जास्त, नुसत्या तिच्या विटा वाळतानाच तडकतात आणि हे कळेपर्यंत जेसीबीचं भाडं जातं.

१. वरची सुपीक माती बाजूला सारून खालची मूठभर घ्या, चार-पाच जागची, वेगवेगळी ठेवा.
२. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, जोरात हलवून दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. रेती खाली, चिकणमाती वर बसते. रेती अगदीच कमी दिसली तर राख नाहीतर रेती मिसळावी लागणार, तो खर्च आधीच धरा.
३. पांढरे खडे असतील तर कुटून वर लिंबू पिळा, फसफसलं की चुनखडी. भाजलेल्या विटेत तीच पाणी पिऊन फुगते नि वीट फोडते, तो कोपरा सोडाच.

शेत स्वतःचं असलं तरी गौण खनिजाची (यात विटांची मातीही येते) परवानगी तहसीलमधून आधी विचारून घ्या, मशीन नंतर.