ट्रॅपीझियस स्नायू कसा ओळखावा आणि त्याची निगा कशी राखावी

मान भरून आली की आपला हात आपोआप मान आणि खांदा यांमधल्या ज्या जागेवर जातो, तिथे ट्रॅपीझियस स्नायूचा केवळ वरचा भाग असतो. हा स्नायू कवटीच्या मागच्या भागापासून सुरू होऊन छातीच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मणक्यापर्यंत उतरतो आणि बाहेरच्या बाजूला गळ्याखालच्या आडव्या हाडाला व खवाट्याला जोडला जातो. दोन्ही बाजू मिळून पाठीवर पतंगाचा आकार तयार होतो. वरचे तंतू खांदा उचलतात, मधले खवाटा कण्याकडे ओढतात आणि खालचे तो खाली खेचतात. दुखतो बहुधा वरचा भाग, पण माझ्या मते खरे दुर्लक्ष होते ते खालच्या भागाकडे.

प्रथम स्नायू हाताने ओळखावा. उजव्या हाताची बोटे डाव्या खांद्याच्या आणि मानेच्या मध्ये ठेवून डावा खांदा कानाकडे उचलावा. बोटांखालचा मांसल पट्टा घट्ट होतो आणि खांदा सोडताच मऊ पडतो. खांदा पूर्ण सैल सोडूनही तो घट्टच लागत असेल, तर तिथे ताण साठलेला असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर ताणाचे कारण शोधावे. टंकलेखन करताना कोपरांना आधार नसेल, पडदा डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली असेल किंवा जड पिशवी रोज एकाच खांद्यावर असेल, तर हा स्नायू तासन्‌तास आखडलेला राहतो. बसण्याची जागा सुधारावी आणि दर अर्ध्या तासाने उठावे, कारण उत्तम बैठकसुद्धा फार वेळ टिकवली की त्रास देते.

दुखत असताना सुती कापडात गुंडाळलेल्या गरम पिशवीने 15 मिनिटे शेकावे. मग खुर्चीवर ताठ बसून उजव्या हाताने बैठकीची कड धरावी, डावा कान डाव्या खांद्याकडे हळूहळू झुकवावा आणि उजव्या बाजूला सुखद ताण जाणवेल तिथेच 20 ते 30 सेकंद थांबावे. श्वास रोखू नये, हाताने डोके ओढू नये. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा पुरे.

एवढ्यावर थांबू नये. जोरजोरात दाबून घेतल्याने मिळणारा आराम अनेकदा तात्पुरता असतो, बळ मात्र व्यायामाने येते. पालथे झोपून, कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून, दोन्ही हात डोक्याच्या पुढे तिरके पसरावेत, अंगठे छताकडे ठेवावेत. खवाटे हलकेच खाली, कमरेच्या दिशेने सरकवून मगच हात जमिनीपासून थोडेसे उचलावेत, तीन सेकंद धरून सावकाश टेकवावेत. खांदे कानांकडे सरकू लागले, तर खालच्या तंतूंचे काम पुन्हा वरचेच करू लागले असे समजावे व हात कमी उचलावेत. आठ-दहा आवर्तने, एक दिवसाआड, सुरुवातीला पुरेशी आहेत. दुसऱ्या दिवशी थोडे अंग दुखणे स्वाभाविक आहे. तीव्र कळ आली तर मात्र व्यायाम थांबवावा.

हाताला मुंग्या येणे, हातातली ताकद कमी होणे, तापासोबत मान ताठरणे किंवा अपघातानंतर मान दुखणे या स्थितींत वैद्यकीय तपासणी आधी करावी; खांद्यासोबत छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. मानेवरील शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः गाठ काढल्यावर, एक खांदा लोंबू लागला किंवा उचलता येईनासा झाला, तर या स्नायूला चालना देणाऱ्या अकराव्या मस्तिष्क-मज्जातंतूला इजा झालेली असू शकते, म्हणून ही गोष्ट शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगावी.