महापालिकेची तूट भरताना या चुका टाळा

फेब्रुवारी आला की खंडेराव मार्केटच्या इमारतीत महापालिकेच्या बजेटची गडबड सुरू होते, आणि दांडिया बाजारातल्या आम्हा बडोदेकरांचा एकच प्रश्न असतो: वेरा वाढणार का? (घरपट्टी म्हटलं तर आमच्या घरात कुणाला चटकन कळायचं नाही.) पण तूट भरताना खऱ्या चुका दुसरीकडेच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकदाच येणाऱ्या पैशातून दरवर्षीचा खर्च भागवणं. प्लॉट लिलावात काढायचा आणि त्यातून पगार, पेन्शन, वीजबिल द्यायचं. पितळी भांडी मोडीत घालून वाण्याची उधारी फेडल्यासारखं हे. पुढच्या महिन्यात वाणी पुन्हा दारात आणि फळी रिकामी. शिकागोने 2008 साली नेमकं हेच केलं. सुमारे 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन जवळपास 1.15 अब्ज डॉलर घेतले. त्यातले बरेचसे दोन-तीन वर्षांतच तूट बुजवण्यात गेले. मीटरची कमाई मात्र नातवंडांच्या काळापर्यंत कंपनीची. म्हणून बजेटच्या पुस्तकात महसुली (दरवर्षीच्या जमाखर्चाची) आणि भांडवली (मालमत्ता विकणं-उभारणं, कर्ज यांची) बाजू वेगवेगळ्या वाचा. जमीनविक्री बाजूला काढल्यावर महसुली खर्च भागत नसेल, तर ‘शिलकी’ हा शब्द मुखपृष्ठापुरताच.

बॉण्डचंही, म्हणजे कर्जरोख्यांचंही, तसंच. बडोद्याने 2022 मध्ये 7.15 टक्के व्याजाने 100 कोटींचे बॉण्ड काढले, मागणी दसपट आली. कर्जातून काही उभं राहत असेल तर हरकत नाही. न्यूयॉर्क मात्र रोजचा खर्च अल्पमुदतीच्या कर्जावर रेटत राहिलं. 1975 मध्ये बँकांनी हात आखडता घेतला आणि शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं.

दुसरी खोड: जमेचा अंदाज फुगवणं. 2007 मध्ये गुजरातच्या महापालिकांतून जकात गेली, बदल्यात राज्याचं अनुदान आलं. म्हणजे ते किती आणि कधी, हे गांधीनगर ठरवणार. महापालिकेच्या स्वतःच्या हातातलं मोठं साधन वेराच. त्याची ‘मागणी’ (म्हणजे आकारलेला वेरा) कितीची आणि ‘वसुली’ किती झाली, हे गेल्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष आकड्यांत पाहा. दर वाढवण्याआधी नोंदीत नसलेल्या इमारती आणि घर म्हणून नोंदलेली दुकानं शोधा. वीजजोडण्यांच्या यादीशी मिळकतींची यादी ताडून पाहिली तरी बरंच सापडतं.

आणि दर मार्चला थकबाकीवर व्याजमाफी देऊ नका. वेळेवर भरणाराही मग हुशार होतो, तो माफीची वाट पाहतो.

कात्री लावायची झाली की दुरुस्ती पहिली कापली जाते, कारण न झालेल्या दुरुस्तीवर कुणी लगेच ओरडत नाही. ऑगस्ट 2024 चा पूर पाहिलेल्या विश्वामित्रीकाठच्या माणसाला नाल्यातल्या गाळाविषयी अधिक सांगायला नको.

शेवटी एक आकडा हटकून मागा: 31 मार्चला ठेकेदारांची किती बिलं द्यायची राहिली? तूट कागदावरून घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग तोच. बिलं एप्रिलवर ढकलली की जुनं वर्ष शिलकीत आणि नवं वर्ष पहिल्याच दिवशी कर्जात.