शिंगाला हिंगूळ कशाला? सांगलीत बसून पटकथा लिहिणाऱ्यासाठी

सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या जत्रेत बैलाचा सौदा बघितला नसेल तर एकदा बघून या. हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, आणि शेतकरी समोरासमोर उभे, मध्ये उपरणं, त्याखाली दोघांचे हात. वर गप्पा चाललेल्या असतात, यंदा शाळूचं पीक कसं आहे, पोराला नोकरी लागली का. खाली बोटं दाबून हजाराचे आकडे. भाव पटला नाही की हात झटकन बाहेर येतो. तोंड मात्र अजून शाळूवरच.

पटकथा म्हणजे काय ते मला तिथं कळलं. तोवर माझी पात्रं उपरण्याखालचा भाव मोठ्यानं ओरडून सांगायची.

मी सांगलीच्या गावभागात राहतो, मालिकांचे संवाद लिहून घर चालवतो, अधूनमधून एखादा सिनेमा लिहितो. ‘तुम्हाला सुचतं कसं हो?’ असं विचारणारी कॉलेजची पोरं महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात. त्यांना वाटतं सांगली नाट्यपंढरी, जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्यातलं शेटफळे म्हणजे गदिमांचं जन्मगाव, तेव्हा हवेतच काहीतरी असणार. हवेत काही नाही. उलट १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासून आम्हाला टाळीचं वाक्य फार प्रिय. पटकथा लिहायची तर आधी ती खोड मोडावी लागते.

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाईलवर लिहू नका. मोबाईल काढला की समोरचा सावध होतो. वहीत कथाकल्पना लिहायच्या नाहीत. मी पाच वर्षं लिहिल्या, एकही उपयोगाला आली नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि ते बोलताना माणसाचा हात काय करत होता ते खाली लिहा. बस, एवढंच. सांगली स्टँडवर एक बाई फोनवर म्हणत होत्या, ‘मी जेवले, तुम्ही जेवून घ्या.’ मांडीवर भरलेला डबा. बोलताना त्याची कडी उघडत होत्या, लावत होत्या. ही नोंद मी तीन ठिकाणी वापरली आहे, अजून संपलेली नाही.

आता त्या नोंदीवरून सीन कसा करायचा? मी एकच युक्ती करतो. पात्राला जे सांगायचंय ते आधी उघड लिहून काढतो, मग तेच वाक्य त्याला बोलायला बंदी. धाकट्या भावाला बैल विकायचाय, थोरल्याला सांगायची छाती नाही. माझा पहिला खर्डा असा होता: ‘दादा, मला पैशाची गरज आहे, सर्जाला विकूया.’ त्यावर थोरल्याचं पानभर भाषण. अगदी रद्दी. पुढचा खर्डा असा:

सीन १४. गोठा. बाहेर. पहाट.
धाकटा सर्जाची शिंगं साळून हिंगूळ लावतोय. थोरला वैरण घेऊन येतो, थबकतो.
थोरला : शिंगाला हिंगूळ कशाला? बेंदूर तर होऊन गेला.
धाकटा : लई दिस झालं, म्हून.
थोरला वैरण टाकतो. रोजच्यापेक्षा एक पेंढी जास्त.

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, सरल्यावर शिंगाला हिंगुळाचा लाल रंग चढला, म्हणजे बैल बाजाराला निघाला. पण बैल विकायचा हा शब्दही कुणी काढला नाही. पेंढी मात्र सुचायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी संवाद नव्हे, फक्त थोरल्याचे हात शोधत होतो.

मोठ्या घटनेच्या मागे लागू नका, हे मी पुरातून शिकलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी आमच्या भिंतीवर जिथं थांबलं तिथं वडिलांनी खिळ्यानं रेघ ओढून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ ला आम्ही त्या रेघेच्या वर हातभर सामान रचलं, कुलूप घातलं आणि विश्रामबागला पाहुण्यांकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुढं दोन वर्षं मी पुरावर लिहायचा प्रयत्न केला. होड्या, बचाव, आक्रोश. सगळं बातमीसारखं. मग घराला रंग द्यायला काढला तेव्हा रंगाऱ्यानं विचारलं, ‘ही रेघ बुजवू का ठेवू?’ वडील काही बोलले नाहीत. खिळा शोधून आणला आणि नव्या पाण्याची खूण करायला गेले, तर हात पुरेना. स्टूल आणायला सांगितलं, तेही माझ्याकडं न बघता. माझा पूर एवढाच आहे, दीड पानाचा.

धंद्याचं थोडं. ठरलेल्या साच्यात टाइप केलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा अंदाज धरा. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं लिहितात. नवख्याला दार उघडतं ते संवादाचं. संध्याकाळी पटकथा येते, सकाळी संवाद हवे असतात, तिथं स्फूर्तीची वाट बघायला सवड नसते. वही तिथं कामी येते.

ऐकवायला जाण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करा, ऑनलाइन होते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच स्पष्ट केलंय; जे आणि जसं लिहिलंय, त्याला संरक्षण. मी एकदा एका निर्मात्याला अख्खी गोष्ट तोंडी सांगून आलो. कागद एक नाही. वर्षभरानं ती दुसऱ्याच्या नावानं टीव्हीवर बघितली, आईच्या शेजारी बसून.

आता महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघतो तेव्हा पिशवीत नोंदणीची प्रत असते. ऐकवताना निर्मात्याच्या तोंडाकडं बघत नाही. ‘वा, छान’ सगळेच म्हणतात. त्यानं फोन हातात घेतला की सीन लांबलाय, पुढचे दोन गाळून थेट मध्यंतरावर यायचं. दुसरा चहा मागवला तर उपरण्याखाली बोटं दाबली जातायत असं समजायचं, आणि आपण शाळूबद्दल बोलत राहायचं.