दोन ओळींच्या माहितीवरून स्क्रीन कशा काढायच्या

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या टेक्निशियनांसाठी एक ॲप करायचं होतं. माझ्या हातात दोन ओळी होत्या: ‘टेक्निशियनला दिवसभराच्या भेटी दिसाव्यात. भेट झाली की नोंद करता यावी.’ मी ३२ प्रश्नांची यादी पाठवली. आठवड्याभराने सहा उत्तरं आली, त्यातली चार ‘तुम्हीच सुचवा’ अशी.

मग मी अंदाजानेच एक स्क्रीन काढली आणि तिच्यावर ‘भेट रद्द करा’ असं बटण ठेवलं. कॉलवर ती दिसताच डेस्क सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “छे, रद्द फक्त आम्हीच करतो!” हाच प्रश्न माझ्या यादीत चौदावा होता. रोजच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी विचारल्या की लोकांना आठवत नाहीत, पण चुकीच्या दिसल्या की ते लगेच पकडतात. तेव्हापासून मी माहितीची वाट बघत बसत नाही, आधी चित्र काढते.

सुरुवात त्या दोन ओळींतल्या नामांपासून करा. इथे मुख्य नाम ‘भेट’. तिचा प्रवास एका रेषेवर मांडा: ठरली, निघालो, पोहोचलो, नमुना घेतला, लॅबमध्ये जमा केला. आता प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं ते खाली लिहा. घर बंद आहे. उपाशीपोटी साखर तपासायची, म्हणजे किमान आठ तास काही खाल्लेलं नको, आणि रुग्णाने तासाभरापूर्वीच खाल्लंय. नमुना कमी भरला. मूळ दोन ओळींत यातलं काहीच नव्हतं, पण निम्म्याहून अधिक स्क्रीन इथूनच निघाल्या.

चित्रात जिथे जिथे तुम्ही अंदाज केलाय, तिथे क्रमांक टाका: गृ१, गृ२, गृ३. बाजूला तीन गोष्टी लिहा: काय गृहीत धरलं, कोण खात्रीने सांगू शकेल, आणि चुकलं तर काय मोडेल. तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका, कारण कोणता प्रश्न आधी विचारायचा ते त्याच्यावरून ठरतं. बटणावरचा शब्द चुकला तर पाच मिनिटांचं काम. ‘टेक्निशियनच्या फोनला कायम नेटवर्क असतं’ हे चुकलं तर नोंदी साठवण्याची पद्धतच बदलते. असे महागडे अंदाज सहसा दोन-तीनच असतात. बैठकीचा वेळ त्यांना द्या.

संकल्पना किमान तीन काढा, पण त्यांच्यात फरक रंगांचा नको, गृहीतकाचा हवा. माझी पहिली होती वेळेनुसार यादी, म्हणजे क्रम डेस्कने ठरवलेला. दुसरीत नकाशा होता, क्रम टेक्निशियन ठरवणार. तिसरीत एका वेळी एकच भेट, पुढची दिसतच नाही. या तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर ‘क्रम कोण ठरवतं?’ हा प्रश्न मला वेगळा विचारावा लागला नाही. हे सगळं पेन्सिलने काढा. ए४ कागदाची तीनदा घडी घातली की आठ चौकटी मिळतात, तेवढ्या पुरतात. रंगीत, गुळगुळीत स्क्रीन दाखवली की लोक रंगावर बोलतात आणि क्रम कोण ठरवतं ते राहूनच जातं.

चौकटींत खऱ्यासारखी माहिती भरा: एकही भेट नाही, एकच भेट, पंचवीस भेटी. दोन ओळींत जाणारं लांब नाव. मी एका घरात दोन रुग्ण टाकून पाहिले तेव्हा कळलं, की ‘भेट’ आणि ‘रुग्ण’ या वेगळ्या गोष्टी आहेत. ते मी त्याच दिवशी डेव्हलपरांना सांगितलं, कारण डेटाबेसची रचना त्यावरच उभी राहणार होती.

काही निर्णयांना कुणाच्या उत्तराची गरज नसते. मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ ठेवा. अँड्रॉइडवर स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेनुसार जुळवून घेणारं माप). हातमोजे घालून काम असेल तर मी त्याहून मोठी ठेवते. नमुन्याच्या ट्यूबमध्ये कोणतं रसायन आहे त्यानुसार झाकणांना रंग असतात, ईडीटीएचं जांभळं, फ्लोराइडचं राखाडी. पण स्क्रीनवर नुसता रंग दाखवू नका, नावही लिहा.

चित्र दाखवताना समजावून सांगू नका, प्रसंग द्या: “घर बंद आहे. आता काय कराल?” आणि गप्प राहा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला ‘चाचणीला पाच वापरकर्ते पुरेत’ हा सल्ला अनेकांना माहीत असतो, पण तो तयार रचनेतल्या अडचणी शोधण्यासाठी आहे. गहाळ माहिती शोधताना पाच टेक्निशियनांपेक्षा एक टेक्निशियन, एक डेस्कवरची व्यक्ती आणि एक लॅबमधली व्यक्ती जास्त उपयोगी पडते. ‘नमुना नाकारला’ ही आख्खी अवस्था मला लॅबकडून समजली.

उत्तर मिळालं की गृहीतकापुढे ‘ठरलं’ आणि तारीख लिहा. चुकलेलं गृहीतक खोडा, पण पुसू नका. महिन्याभराने कुणीतरी तीच कल्पना पुन्हा मांडतं, तेव्हा ते कारणासकट दाखवता येतं. आमचा नेटवर्कचा प्रश्न काम सुरू होईपर्यंत सुटलाच नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठवायची असं ठरवलं आणि यादीच्या वर एक पट्टी ठेवली: ‘पाठवायच्या बाकी: ३’. नेटवर्क असलं की ती पट्टी दिसत नाही.