कॅमेरा गळ्यात नको: ट्राउटच्या ओढ्यावर फोटो काढताना

दादा ट्राउट (थंड डोंगरी ओढ्यातला मासा) पकडतो आणि मी फोटो काढते, अशी आमची वाटणी आहे. मुलुंडहून हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात जायचं म्हणजे विमानाने चंदीगड, तिथून रात्रीची मनालीची बस, औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचं आणि लारजीवरून बंजारचा रस्ता धरायचा. पुढे गुशैणीपासून पायीच. खांद्यावरचं जास्तीचं पाव किलोही या प्रवासात कळतं, म्हणून आधी सामानाचंच बोलते.

"मासेमारीचे फोटो काढायचेत" असं दुकानात सांगितलं की समोरचा हमखास लांब टेलीफोटो लेन्स काढून दाखवतो. समुद्रावरच्या बोटीसाठी ती ठीक आहे. ओढ्यावर मात्र सगळं हाताच्या अंतरावर घडतं. गळ टाकणारा चार-पाच मीटरवर, मासा त्याच्या तळहातावर, आणि दोघांच्या मध्ये उडणारं पाणी. वर देवदारांची सावली, त्यामुळे भर दुपारीही उजेड कमी. म्हणजे लेन्स रुंद हवी, कॅमेरा भिजला तरी चालणारा हवा आणि तो एका हाताने चटकन काढता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काठी असते.

मी दोन कॅमेरे वापरते. पहिला ऑलिंपसचा टीजी-६, २०१९ सालचा. त्याचा पुढचा अवतार टीजी-७ हा २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या, ऑलिंपस कॅमेऱ्यांच्या नव्या नावाने आला. दोन्ही १५ मीटर पाण्याखाली चालतात, वजन पाव किलोच्या आसपास, लेन्स जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यावरच्या २५ ते १०० मिमीच्या तोडीची, आणि अगदी एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. सेन्सर इवलासा आहे, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० च्या वर गेलात की दाणे दिसू लागतात. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात स्क्रीन बघताना डोळे बारीक करावे लागतात. तरी माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो याच डबीतून आलेत, कारण तो खिशात असतो आणि तो भिजेल या भीतीने मी थांबत नाही.

दुसरा ओएम-५ आणि त्यावर १२-४५ मिमी एफ/४ लेन्स (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं; आकडा लहान तितका उजेड जास्त). दोन्ही मिळून वजन पाऊण किलोच्याही खाली. हा आयपी५३ दर्जाचा आहे. म्हणजे शिंतोडे आणि रिमझिम चालते, पाण्यात बुडवायचा नाही. यात लाइव्ह एनडी नावाची सोय आहे, तिच्यामुळे वेगळा फिल्टर न लावता आणि ट्रायपॉड न नेता पाणी मऊ, रेशमी दिसेल इतका शटर लांबवता येतो. अर्धा सेकंद मी हातावर धरू शकते, फक्त पाठ दगडाला टेकवलेली हवी. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मात्र टीजीच घ्या.

फोन चालेल का? चालेल. पण त्याच्यावरचा आयपी६८ हा शिक्का प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्याचा आहे. वाहत्या ओढ्यात दगडावर आपटलेल्या फोनबद्दल तो काही सांगत नाही. दोरी लावा.

जुनं घ्यायचं असेल तर फोर्टात बोरा बाजारात जा आणि मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवा. लेन्सच्या एका बाजूने प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. वॉटरप्रूफ कॅमेरा जुना असेल तर बॅटरीच्या झाकणाचं रबर नखाने दाबून बघा. कडक झालं असेल, चीर गेली असेल, तर तो आता साधा कॅमेरा आहे असं समजूनच भाव करा.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पोलरायझर, सीपीएल म्हणतात तो फिल्टर. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे गोटे, कधी कधी उभा असलेला मासाही दिसतो. याची गंमत कोनात आहे. पाण्याकडे साधारण ३५ ते ४० अंशांनी खाली बघत असाल तर परिणाम सर्वांत जास्त. सरळ खाली वाकून बघितलं तर जवळजवळ शून्य. फिल्टर लावून सोडून द्यायचा नाही, प्रत्येक फोटोआधी कडी फिरवायची. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चमकही याने जाते आणि हिरवा रंग एकदम गडद होतो. बदल्यात एक ते दोन स्टॉप, म्हणजे अर्धा ते पाऊण उजेड जातो, म्हणून दाट सावलीत तो काढून ठेवा. टीजीला तो लावायचा तर वेगळं अ‍ॅडॉप्टर घेऊन ४०.५ मिमीचा बसतो. फोनवाल्यांनी आपला पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून फिरवावा. दिसायला हास्यास्पद, पण काम होतं.

उभं कुठे राहायचं

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून गळ टाकणारा खालून वर, त्याच्या पाठीमागून जातो. तुम्हीही मागेच राहा, वाकून चला आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. लाल-पिवळे रेनकोट फोटोत छान दिसतात, पण मासे पळतात. दादा उजव्या हाताने फेकतो, म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूला आणि थोडी मागे. उजवीकडे उभं राहिलात तर मागे येणारी गरी (गळाचा आकडा) थेट तुमच्या कानाशी येते. गॉगल आणि टोपी सक्तीची, यात लाड नाहीत.

हवेतली दोरी पकडायची तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. पण नुसत्या वेगाने दोरी दिसत नाही. मागे गडद झाडी आणि समोरून येणारं ऊन असेल तरच ती चमकते. याचा सराव मुंबईतच होतो. दादा मैदानात गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून दोरी फेकतो आणि मी बाजूने फोटो काढते. येणारे-जाणारे थांबून "पतंग कुठाय?" विचारतात. पोलरायझरच्या सरावाला पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या वाटेवरचे ओहोळ उत्तम.

पांढऱ्या फेसाळ पाण्याने कॅमेरा फसतो, फेस जळून नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर -०.७ वर, म्हणजे जरा गडद ठेवा आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. ढगाळ दिवस मिळाला तर तो दिवस फोटोंचा. कडक उन्हात झाडांखाली कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर चट्टे दिसतात.

मासा हातात येतो तेव्हा

ब्राउन ट्राउट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिमाचलच्या नद्यांमध्ये आणून सोडला. आज मत्स्य विभागाचा परवाना काढून गळ टाकता येतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. दादा पकडलेला मासा परत सोडतो. आईला हे अजून पटलेलं नाही. ती वेंगुर्ल्याची. "एवढा खर्च करून गेलात आणि मासा परत सोडलात?" असं ती प्रत्येक वेळी विचारते आणि मग सुरमई तळायला घेते.

मासा जगवायचा असेल तर फोटोची तयारी तो लागायच्या आधी झालेली हवी. सकाळीच सेटिंग लावते: एफ/५.६, शटर कमीत कमी १/५००, आयएसओ ऑटो, कमाल ३२००, बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू. मासा जाळीत, जाळी पाण्यात, आणि दादाचे हात ओले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. मी गुडघ्यावर बसून चौकट ठरवते, माशाच्या डोळ्यावर फोकस धरते आणि मगच म्हणते, "घे वर." तो वीतभर उचलतो, पाणी ठिबकत असतं, दोन-तीन सेकंद, की परत पाण्यात. कल्ल्यांत बोट नाही, आणि मासा मोठा दिसावा म्हणून हात लेन्सकडे लांबवणं तर अजिबात नाही. तो प्रकार कोणालाही खरा वाटत नाही. दादाला टोपी थोडी मागे सारायला सांगते, नाहीतर मासा उजळ आणि चेहरा काळा.

जाळीत पाण्याखालीच असताना टीजी बुडवून अगदी जवळून एक फोटो घ्या. पिवळसर अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं, आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर तो छोटासा मांसल पर, त्याला तांबूस किनार. हे हातात धरलेल्या फोटोत कधीच नीट येत नाही.

मासा न लागलेल्या दिवशीही बरंच काही असतं: गाठ मारताना दातात धरलेली दोरी, गरीला बांधलेल्या पिसांच्या बनावट माश्यांची (किड्यांची) डबी, सुकत घातलेले मोजे, परवान्याचा ओला कागद. हे काढा, नाहीतर घरी आल्यावर सगळे फोटो एकसारखे निघतात. आणि लोकेशन बंद ठेवा. छोट्या ओढ्यावर दहा माणसं जास्त झाली तरी तो संपतो.

मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी संध्याकाळी मांडीला लागू शकतं, म्हणून परत फिरायची वेळ फोटोंवरून ठरवू नका. ओलांडताना कॅमेरा गळ्यात लोंबता ठेवायचा नाही, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून पाठीवर टाकायचा. जादा बॅटरी आतल्या खिशात, थंडीत ती लवकर उतरते. आणि खोलीत शेकोटी पेटलेली असेल तर कॅमेरा झिप पिशवीत बंद करूनच आत न्या, तासाभराने उघडा, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही.

मुंबईत परतल्यावर खरा शत्रू भेटतो: आपली दमट हवा. सामान आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळं जेल गुलाबी झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवा, आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नका.