मधमाशीला दिसणारं फूल कॅमेऱ्यात पकडायचं असेल तर

आधी अतिनील टॉर्च बाजूला ठेवा. अंधारात त्याचा झोत टाकला की परागकण लखलखतात, आणि वर्षभर मी तेच फोटो ‘मधमाशीची नजर’ म्हणून दाखवत होते. ते चुकीचं होतं. ती चमक म्हणजे अतिनील शोषून फुलाने बाहेर टाकलेला साधा प्रकाश, तो आपल्यालाही दिसतो. मधमाशी बघते ते फुलावरून परतणारे अतिनील किरण. तिच्या डोळ्यातल्या काही पेशींना ३४४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यात चांगला कळतो; आपल्या डोळ्यातलं भिंग ४०० च्या खालचं बहुतेक सगळं अडवतं.

म्हणून काम भर उन्हात करायचं. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अतिनील अडवणारी काच असते, ती काढून घेतलेला कॅमेरा लागेल. लेन्स जुनी, कमी भिंगांची असलेली बरी. तिच्यावर फक्त अतिनील जाऊ देणारा फिल्टर. तो डोळ्याला काळाकुट्ट दिसतो, तेव्हा ट्रायपॉडवर फूल आधी चौकटीत बसवा, मग फिल्टर चढवा. एक्स्पोजर लांबलचक होतं. वारा असेल तर त्या दिवशी नाद सोडा.

फिल्टर पारखायची माझी युक्ती सांगते. हाताच्या पाठीवर सनस्क्रीनची रेघ ओढा आणि जिरू द्या. डोळ्याला काही दिसणार नाही, फोटोत मात्र ती डांबरासारखी काळी यायला हवी. फिकी आली, तर फिल्टरमधून अवरक्त प्रकाश झिरपतोय.

पहिलं फूल सूर्यफूलच घ्या. एरवी एकसारखी पिवळी दिसणारी पाकळी फोटोत टोकाला उजळ आणि बुडाशी काळी येते, तबकडीही काळीच. कीटकाला थेट मधाकडे नेणारं निशाण! फोटो समोर धरून मी खऱ्या पाकळीवर बोट फिरवत ती सीमा शोधली. कुठेही सापडली नाही. हा काळोख पाकळीतल्या, अतिनील शोषणाऱ्या फ्लेव्होनॉल द्रव्यांचा. २०२२ सालच्या संशोधनात कोरड्या हवामानातल्या रानटी सूर्यफुलांत पाकळ्यांच्या बुडाशी बनणारं हे काळं वर्तुळ मोठं आढळलं. तीच द्रव्यं पाकळीतलं पाणी टिकवायलाही मदत करत असावीत.

नंतर पिवळ्या फुलपाखरांकडे वळा. काही जातींत नराच्या पंखावरची अतिनील चमक खवल्यांच्या रचनेतून येते, त्यामुळे ती ठरावीक कोनातूनच दिसते. मरून पडलेलं एखादं सापडलं तर पंख उलगडून उन्हात ठेवा, थोडं थोडं फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका फोटोत पंख पेटल्यासारखा उजळतो, पुढच्याच फोटोत विझतो.