बाळंतपणाच्या रजेवरून परतणारी इंजिनिअर: टीम लीडने काय करायचं

सात-आठ वर्षं अनुभव असलेली इंजिनिअर बाळंतपणाच्या रजेवर जाते, परत येते आणि थोड्याच महिन्यांत राजीनामा देते. एचआरच्या फाइलमध्ये कारण म्हणून ‘घरच्या अडचणी’ एवढंच लिहिलं जातं. घरी अडचणी असतातच. पण पुष्कळदा त्याच्या आधी ऑफिसात काहीतरी घडून गेलेलं असतं. तिचं मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा ती सांभाळत असलेला भाग) कायमचं दुसऱ्याकडे गेलेलं असतं, तिच्या वाट्याला उरलंसुरलं टेस्टिंग आलेलं असतं आणि दिवसातला महत्त्वाचा कॉल नेमका ती ठाणे लोकलच्या दारात उभी असते त्या वेळेला लागलेला असतो. हे तिन्ही बदलणं टीम लीडच्या हातात आहे, म्हणून पुढचं सगळं टीम लीडला उद्देशून.

आधी तारखा मांडा

पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत तिचे ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. हे २६ आठवडे म्हणजे कॅलेंडरचे १८२ दिवस, शनिवार-रविवार धरून.

उदाहरण घेऊ. अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर आहे आणि तिने आधीचे पूर्ण ८ आठवडे घेतले. रजा २१ जुलैला सुरू होईल आणि ती १९ जानेवारीला कामावर येईल. त्या दिवशी बाळ १८ आठवड्यांचं असेल, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं असा डॉक्टरांचा सल्ला असतो. थोडक्यात, ती परत येईल तेव्हा अंगावर पाजत असेल. बहुतेक टीम लीड हे गणित करत नाहीत आणि मग पहिल्या आठवड्यातच दोन्ही बाजूंची ओढाताण सुरू होते. रजेची विभागणी तिनेच ठरवायची. तुम्ही फक्त दोन-तीन पर्यायांच्या तारखा कागदावर मांडून द्या.

तिच्या जागी तात्पुरता माणूस घ्यायचा असेल तर करार २६ आठवड्यांचा नको, ३० आठवड्यांचा करा. सुरुवातीचे दोन आठवडे काम समजून घ्यायला आणि शेवटचे दोन तिच्या हाती परत सोपवायला. शेवटचे दोन आठवडे वाचवले की नवा माणूस जाताना सगळी माहिती घेऊन जातो आणि तिला आपलंच मॉड्यूल परक्यासारखं वाचत बसावं लागतं. हँडओव्हरच्या कागदावर ‘तात्पुरतं सोपवलं, परत घेण्याची तारीख अमुक’ असं स्पष्ट लिहा. हे वाक्य नसलं की सहा महिन्यांनी ‘आता त्यालाच राहू दे, चाललंय ना नीट’ असं म्हणणारं कुणीतरी निघतंच.

रजेत संपर्क किती ठेवायचा हेही तिलाच विचारा: अजिबात नको, महिन्यातून एक मेल, की फक्त मोठे बदल झाले तर. एकदा ठरलं की पाळा. ‘फक्त एक छोटीशी शंका’ म्हणून प्रॉडक्शनच्या (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमच्या) अडचणीसाठी फोन करायचा नाही. रजेच्या काळात तिला काढणं किंवा नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं बेकायदेशीर आहे, हे वरच्या साहेबांनाही एकदा लेखी कळवून ठेवावं.

परतण्याच्या दोन आठवडे आधी

सहा महिने न वापरलेलं खातं बंद पडलेलं असतं. पासवर्डची मुदत संपते, व्हीपीएनचं (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीचं) सर्टिफिकेट जुनं होतं, आयडीईचं (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स दुसऱ्या कुणाला दिलेलं असतं, रिपॉझिटरीच्या (टीमच्या कोडच्या साठ्याच्या) रिव्ह्यूअरच्या यादीतून नाव गळलेलं असतं. आयटीचं तिकीट पहिल्या दिवशी सकाळी टाकलं तर तीन दिवस ती नुसती बसून राहते, आणि एवढ्या दिवसांनी आलेल्या माणसाला तसं बसणं फार लागतं. तिकीट १० कामाचे दिवस आधी टाका आणि आदल्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाकडून तरी त्याच लॅपटॉपवर बिल्ड चालवून, म्हणजे कोडमधून प्रोग्राम नीट तयार होतो का ते, बघा.

दुसरी तयारी म्हणजे दोन पानांचं टिपण. सहा महिन्यांत कोणते निर्णय झाले आणि का झाले, एवढंच त्यात लिहा. कमिटची (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांची) यादी देऊ नका, ती तिची ती काढेल. डेटाबेस का बदलला, कुठलं फीचर अर्ध्यात का सोडलं, क्लायंटकडचा कोणता माणूस आता निर्णय घेतो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. सोबत वाचण्याजोग्या १०-१२ पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी मांडलेले कोडमधले बदल) निवडून द्या.

हिरकणी कक्ष

एसटी स्टँडवर आईला बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो, तर आपल्या ऑफिसात का नसावा? एक लहान खोली पुरते. आतून लागणारी कडी, टेकायला पाठ असलेली खुर्ची, पंपासाठी प्लग, हात धुण्याची सोय जवळ आणि एक छोटा फ्रिज, एवढं लागतं. सर्व्हर रूम चालत नाही, काचेची मीटिंग रूम चालत नाही, आणि स्वच्छतागृह तर मुळीच नाही. तिथे बाळाचं अन्न काढायचं नसतं.

साधारण दर तीन तासांनी दूध काढावं लागतं, एका वेळी २० ते ३० मिनिटं. नऊ तासांच्या दिवसात हे दोन-तीनदा येतं. वेळ चुकत गेली की छाती दाटते, दुखते, गाठी होतात, कधी ताप येतो आणि हळूहळू दूधही कमी होतं. म्हणून तिच्या कॅलेंडरवर ‘खासगी’ अशी राखलेली वेळ दिसली तर त्यावर मीटिंग टाकायची नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. मुंबईचा उन्हाळा त्याहून बराच वर असतो, त्यामुळे ते लगेच फ्रिजमध्ये जायला हवं. तिथे चार दिवस चालतं. घरी नेताना गोठवलेले आइस पॅक घातलेली इन्सुलेटेड पिशवी लागते. ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंतच्या गर्दीत ती सांभाळत जायचं असतं, हे संध्याकाळी ‘जरा पाच मिनिटं थांब’ म्हणताना आठवावं.

ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेगळे ब्रेकही आहेत. मुंबईत मात्र बऱ्याच जणी बाळाला लोकलमधून ऑफिसपर्यंत आणू शकत नाहीत, घराजवळचंच पाळणाघर लावतात. त्यामुळे कागदावर सोय आहे म्हणून प्रश्न सुटला असं धरू नका. पाळणाघर किती वाजता बंद होतं ते तिला विचारा, तिथे पोहोचायला लागणारा वेळ त्यातून वजा करा. जी वेळ उरते ती तिची निघण्याची वेळ, आणि ती टीमच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसू द्या.

पहिले बारा आठवडे

पहिल्या तीन दिवसांत एक छोटा बदल तिच्या हातून मर्ज होऊ द्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये जाऊ द्या. काम कितीही किरकोळ असो, हात पुन्हा सुरू होणं महत्त्वाचं. चौथ्या आठवड्यापर्यंत तिच्या ओळखीच्या भागातले बग. पाचव्यापासून आठव्यापर्यंत एक पूर्ण फीचर, डिझाइनपासून रिलीजपर्यंत तिच्या नावावर. नवव्या आठवड्यात ऑन-कॉलवर (बिघाड झाला तर धावून जाण्याच्या पाळीवर) दुसऱ्याच्या सोबतीने, आणि बाराव्यापर्यंत तिचं मॉड्यूल पूर्णपणे तिच्याकडे. तिला याहून लवकर हवं असेल तर लवकर करा.

सगळ्यात जास्त नुकसान दयेने होतं. ‘बाळ लहान आहे, तिला कशाला त्रास’ म्हणून क्लायंटच्या कॉलमधून तिचं नाव काढलं जातं, नवं काम दुसऱ्याला मिळतं, तिला डॉक्युमेंटेशन. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वर्षअखेरीस तिच्याकडे दाखवण्यासारखं काम उरत नाही. तिच्या वतीने ठरवू नका. ‘तुला जमेल का?’ असंही विचारू नका, कारण त्या प्रश्नात शंका आधीच असते. ‘हे काम तुझ्यासाठी धरलंय, तारीख ही, तुला काय लागेल?’ असं विचारा. नको असेल तर ती सांगेल.

कॉलच्या वेळांचं बघा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दोन्ही वेळा नेमक्या गाडीत किंवा पाळणाघराच्या दारात येतात. तिकडच्या आठ वाजता कॉल ठेवता येतो का ते क्लायंटला विचारा. हिवाळ्यात तरीही आपले साडेसहा वाजतातच, तेव्हा उशिराचा कॉल टीममध्ये आठवडा-आठवडा फिरता ठेवा, बाप झालेल्यांसकट सगळ्यांमध्ये. निर्णय कॉलनंतर लेखी आला पाहिजे. आणि ती सहाला निघते तेव्हा ‘आज हाफ डे का?’ असं कुणी म्हटलं तर तुम्ही तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर थांबवायचं. तिने हसून सोडून दिलं म्हणून ते लागलं नाही असं नसतं.

रात्रीच्या डिप्लॉयमेंटबद्दल (नवा कोड चालू सिस्टिमवर चढवण्याबद्दल) बराच गोंधळ असतो. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईची संमती असेल आणि सुरक्षिततेची, घरापर्यंतच्या गाडीची सोय असेल तरच तिला कामावर बोलावता येतं. याचा अर्थ ‘बायकांना रिलीजवर घ्यायचंच नाही’ असा लावला जातो, आणि मग सिस्टिम आतून ओळखणारी, पुढच्या बढतीला योग्य ठरणारी माणसं फक्त पुरुषच उरतात. संमती दर वेळी विचारा, घरून करता येईल असं रिलीज बसवा, ऑफिसात यावंच लागलं तर गाडी दारापर्यंत पाठवा.

पावसाळ्यासाठी एक ठाम नियम करून टाका. रेड अलर्ट असेल किंवा जोराच्या पावसात मोठी भरती येणार असेल, तर घरून काम करण्याचा निरोप सकाळी सातच्या आत द्या. दुपारी तीनला ‘निघा आता’ म्हणेपर्यंत कुर्ला-शीव दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि बाळ पाळणाघरात दुसऱ्या टोकाला.

अप्रेझल

एप्रिल ते मार्चच्या वर्षात ती सहा महिने रजेवर होती. मग तिच्या सहा महिन्यांच्या कामाची दुसऱ्यांच्या बारा महिन्यांशी तुलना होते आणि ‘सरासरी’ रेटिंग चिकटतं. मोजायचं ते तिने काम केलेल्या महिन्यांतलं: जबाबदारी कोणत्या पातळीची होती, काम कसं उतरलं. रजेवर जाण्याआधीच त्या काळातल्या कामाचं मूल्यमापन लिहून तिची सही घ्या, नाहीतर मार्चमध्ये कुणालाच मे-जूनमधलं काही आठवत नाही. त्या वर्षी तिची बढती ठरलेली असेल तर ती रजेमुळे पुढे ढकलू नका, पत्र घरी पाठवा. रेटिंगच्या मीटिंगमध्ये ‘ती तर यंदा नव्हतीच’ हे वाक्य येणार हे धरून चाला आणि तिच्या कामाची एका पानाची यादी हातात घेऊनच आत जा.